छातीचा फोटो म्हणजे मॅमोग्राफी नव्हे

हे बायकांचे दुखणे म्हणून बंधूंनी पान उलटू नये. त्यांचाही यात संबंध आहे, तो पुढे येईलच.

कुवेतचे नाव आपल्या पत्रकात सहसा येत नाही. आपल्या इस्राएली पासपोर्टवर तिथे जाता येत नाही. तरी कुवेत आपल्याला अगदीच परके नाही. सालेह आणि दाऊद अल-कुवेती हे प्रसिद्ध यहुदी वादक भाऊ तिथेच जन्मले, बगदादला नावारूपाला आले आणि मग आलिया करून इथे आले. त्यांचे पहिले व्हायोलिन आणि ऊद त्यांच्या काकाने हिंदुस्थानातून आणले होते असे सांगतात. कुवेतच्या बाजारात १९६१ पर्यंत रुपया चालत होता. आणि आमच्यापुरते म्हणाल तर मुंबईत नर्सिंग शिकून ज्या आम्ही बाहेर पडलो, त्यातल्या काही इथे आल्या आणि काही आखातात गेल्या. कुवेतला गेलेल्यांची ख्यालीखुशाली पूर्वी मुंबईच्या नातेवाइकांकडून कळायची, आता फोनवर तासन्‌तास बोलणे होते. नर्सेस बोलायला बसल्या की विषय शेवटी दुखण्यांवरच येतो, त्याला इलाज नाही. त्यातूनच हा लेख लिहावासा वाटला.

कुवेतमध्ये बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तनाचा कॅन्सर पहिल्या नंबरवर आहे. मुंबईत आणि इस्राएलमध्येही तसेच आहे. पण कुवेतची, आणि बहुतेक अरब देशांची, एक गोष्ट वेगळी. युरोप-अमेरिकेत हा आजार जास्त करून साठीच्या आसपास सापडतो, तर अरब देशांत तो साधारण दहा वर्षे आधीच दिसतो. (तिथली लोकसंख्याच तरुण आहे हेही त्याचे एक कारण आहे. तरुण बायका जास्त, म्हणून तरुण रोगीही जास्त.) आपल्या भारतातही हेच चित्र आहे. म्हणून कुवेतच्या आरोग्य खात्याने २०१४ साली राष्ट्रीय मॅमोग्राफी तपासणीचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा पन्नाशीची वाट न पाहता चाळिशीपासूनच्या कुवेती बायकांना बोलावले. काही दुखत-खुपत नसताना बोलवायचे, हा या कार्यक्रमाचा पाया. दुखायला लागल्यावर जी करतात ती तपासणी वेगळी.

आता चाळिशीच्या बाईची मॅमोग्राफी करण्यात एक मोठी अडचण आहे. तरुणपणी स्तनात चरबी कमी आणि दुधाच्या ग्रंथींचा भाग जास्त असतो. त्याला डॉक्टर लोक दाट स्तन म्हणतात. एक्स-रे मध्ये चरबी काळी दिसते, ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. म्हणजे नारळाच्या दुधात पडलेला खोबऱ्याचा तुकडा शोधण्यासारखे झाले! वय वाढते, पाळी जाते, तशी चरबी वाढते आणि फोटो स्पष्ट येऊ लागतो. म्हणून आम्हा म्हाताऱ्यांची मॅमोग्राफी वाचायला सोपी आणि आमच्या लेकी-सुनांची अवघड.

आम्ही नोकरीला लागलो त्या काळात मॅमोग्राफी फिल्मवर निघत असे. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायची, वाळवायची, उजेडाच्या पेटीवर लावायची आणि डॉक्टर भिंग घेऊन बघत बसणार. फिल्म फिकी आली की पुन्हा काढायची, नाहीतर आहे तीच चालवून घ्यायची. २००० साली अमेरिकेत पहिल्या डिजिटल मॅमोग्राफी यंत्राला परवानगी मिळाली. यात फिल्म नाहीच, फोटो सरळ कॉम्प्युटरवर येतो. तो उजळ करता येतो, काळा करता येतो, एका कोपऱ्यातला चुन्याचा बारीक कण मोठा करून पाहता येतो, आणि गरज पडली तर दुसऱ्या गावच्या तज्ज्ञाला पाठवता येतो. पण यंत्र नवे म्हणून चांगलेच, असे नर्सने मानू नये. याची नीट परीक्षा झाली. अमेरिका आणि कॅनडात मिळून ४९ हजारांहून जास्त बायकांचे दोन्ही तऱ्हेचे फोटो काढले आणि २००५ साली निकाल छापला. सगळ्या बायका मिळून पाहिल्या तर फिल्म आणि डिजिटल सारखेच ठरले. पण पन्नाशीच्या आतल्या, पाळी चालू असलेल्या आणि दाट स्तनांच्या बायकांत डिजिटल स्पष्टपणे सरस ठरले. कुवेतने ज्या बायकांना बोलावायचे ठरवले होते, नेमक्या त्यांतल्या पुष्कळशा या!

त्यानंतरची पायरी म्हणजे टोमोसिंथेसिस, ज्याला लोक थ्री-डी मॅमोग्राफी म्हणतात. अमेरिकेत त्याला २०११ मध्ये परवानगी मिळाली. यंत्राचा हात स्तनावरून कमानीसारखा फिरतो, फिरता फिरता थोड्या थोड्या किरणांचे बरेच फोटो घेतो आणि कॉम्प्युटर त्यांचे पातळ काप तयार करतो. शुक्रवारच्या खल्ल्याच्या आत मनुका कुठे आहे हे वरून बघून कळत नाही, काप केले की कळते, तसेच. एकावर एक पडलेल्या सावल्या वेगळ्या होतात, त्यामुळे काही लपलेल्या गाठी सापडतात आणि काही खोट्या गाठींचा संशय फिटतो. तरीही फारच दाट असेल तर सोनोग्राफी जोडीला करतात. ज्यांच्या घराण्यात धोका आहे त्यांना एम.आर.आय. सांगतात. अमेरिकेत २०२४ पासून असा नियमच झाला आहे की तुमचे स्तन दाट आहेत की नाहीत हे प्रत्येक बाईला रिपोर्टबरोबर कळवायचे. आपणही रिपोर्ट हातात आल्यावर हे विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि आता कॉम्प्युटरच फोटो वाचायला लागला आहे. युरोपात पुष्कळ ठिकाणी प्रत्येक फोटो दोन डॉक्टर वेगवेगळे पाहतात. स्वीडनमध्ये ८० हजार बायकांवर एक चाचणी झाली, तिचा पहिला अहवाल २०२३ मध्ये आला. अर्ध्या बायकांचे फोटो नेहमीप्रमाणे दोन डॉक्टरांनी वाचले. उरलेल्या अर्ध्यांचे आधी कॉम्प्युटरने वाचून धोका कमी की जास्त ते सांगितले, आणि मग कमी धोक्याचे एकाच डॉक्टरने, जास्त धोक्याचे दोघांनी पाहिले. दुसऱ्या गटात कॅन्सर थोडे जास्तच सापडले, हजारी पाचच्या जागी सहा, आणि डॉक्टरांचे वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले. निर्णय मात्र डॉक्टरचाच राहिला, तो तसाच राहावा असे आमचे मत आहे.

इथे थोडे मागे जाऊन एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. सर्व जग मॅमोग्राफी करते, पण ही कल्पना ज्याच्या डोक्यात पहिल्याने आली तो आपलाच, बर्लिनचा यहुदी सर्जन आल्बर्ट सालोमोन. १९१३ साली त्याने ऑपरेशनने काढलेल्या सुमारे ३००० स्तनांचे एक्स-रे घेऊन पाहिले आणि कॅन्सर फोटोत कसा दिसतो ते लिहून ठेवले. ते चुन्याचे बारीक कण, ज्यांच्या मागे आजची डिजिटल यंत्रे लागलेली असतात, त्यालाच प्रथम दिसले. पुढे नाझींनी त्याची नोकरी घेतली, १९३८ मध्ये त्याला साक्सेनहाउझेनच्या छावणीत टाकले. तो सुटला आणि हॉलंडला जाऊन वाचला, पण त्याची एकुलती एक लेक, चित्रकार शार्लोट सालोमोन, १९४३ मध्ये आउशवित्झला मारली गेली. तिची चित्रे ॲमस्टरडॅमच्या यहुदी म्युझियममध्ये आहेत. तिचे नाव पुष्कळांना माहीत असते, बापाचे फार थोड्यांना.

निरोगी बायकांना बोलावून तपासण्याची पहिली मोठी चाचणी न्यूयॉर्कला डिसेंबर १९६३ मध्ये सुरू झाली. ६२ हजार बायका, त्यांतल्या अर्ध्यांना तपासणीला बोलावले. ती करणाऱ्यांत डॉ. फिलिप स्ट्रॅक्स होते. त्यांची स्वतःची बायको ३९ व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने गेली होती. बोलावलेल्या गटात या आजाराने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले, आणि त्यानंतर देशोदेशी असे कार्यक्रम सुरू झाले.

कुवेतकडे परत येऊ. यंत्रे उत्तम, पैसा आहे, देश लहान, गाडीने कुठूनही कुठे लवकर पोचता येते. मग सगळ्या बायका येत असतील? नाही हो. पुरेशा येत नाहीत हे तिथल्या डॉक्टरांनीच लिहिले आहे. भीती, लाज, वेळ नाही, ‘मला काही होत नाही तर कशाला’. कारणे ऐकली तर दिमोना काय, लोद काय आणि कुवेत काय, सगळीकडे सारखी. लाजेची गोष्ट तर जुनीच. १९१२ साली अमेरिकन मिशनच्या डॉ. एलिनॉर कॅल्व्हर्ली कुवेतला गेल्या ते याचसाठी की तिथल्या बायका पुरुष डॉक्टरला अंग दाखवायला तयार नसत. मुंबईत १८८६ साली कामा हॉस्पिटल निघाले तेही बायकांनी बायकांना तपासावे म्हणून, आणि आपल्या डॉ. जेरुशा झिराड पुढे त्याच कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, ही आपल्या समाजाला अभिमानाची गोष्ट. आज मॅमोग्राफी काढणारी बहुतेक ठिकाणी बाईच असते. तरी कोणी लाजत असेल तर आधी फोन करून विचारून घ्यावे.

पण कुवेतची दुसरी बाजू आमच्या मैत्रिणींकडून कळते ती वेगळी. तिथली बहुसंख्य माणसे परदेशी. भारतीयच दहा लाखांच्या आसपास. राष्ट्रीय तपासणी आहे ती कुवेती नागरिक बायकांसाठी. २०१७ मध्ये परदेशी लोकांसाठी सरकारी दवाखान्यातली फी वाढली. शिकलेली नोकरदार बाई, नर्स, शिक्षिका, काही ना काही मार्ग काढते, सुट्टीत मुंबईला किंवा केरळला जाऊन तपासून घेते. घरकामाला असलेली बाई काय करणार?

आमची एक मैत्रीण, मूळची मिरजेकडची, तीस वर्षांवर कुवेतला नोकरीत होती. तिने सांगितलेली ही हकीकत. चर्चमध्ये ओळख झालेली गोव्याची एक बाई, एका घरी स्वयंपाकाला होती. वय पंचेचाळीस-सेहेचाळीस. डाव्या बाजूला गाठ होती, दुखत नव्हती. तिने ती दीड-दोन वर्षे कोणाला सांगितली नाही. सांगितले तर मालकीण परत पाठवेल आणि मुलीचे शिक्षण अर्ध्यावर राहील ही भीती तर होतीच. पण दुसरे कारण ऐकून आम्ही थक्क झालो. ती म्हणाली, “सिस्टर, व्हिसाच्या वेळी माझ्या छातीचा फोटो काढला होता, तो क्लिअर आला. काही असतं तर त्यात दिसलं नसतं का?”

भगिनींनो, हे वाक्य आम्ही इथेही ऐकले आहे. आपल्या शिकल्यासवरल्या बायकांकडून ऐकले आहे. आखातात नोकरीला जाणाऱ्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होते आणि तिच्यात छातीचा एक्स-रे असतो, तो टी.बी. साठी. त्यात फुप्फुसे दिसतात, हृदयाचा आकार दिसतो, बरगड्या दिसतात. स्तनातली गाठ त्यात कळत नाही. मॅमोग्राफीचे यंत्र वेगळे, किरण वेगळे, सौम्य. त्यात स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून पसरवावा लागतो, तेव्हा कुठे आतले बारीकसारीक दिसते. ‘छातीचा फोटो’ हा शब्दच घोळ करतो. ऑपरेशनच्या आधी छातीचा फोटो काढला, खोकला झाला तेव्हा काढला, तो क्लिअर होता म्हणून निश्चिंत बसू नये.

आमच्या मैत्रिणीने आणि चर्चमधल्या बायकांनी वर्गणी काढून तिला गोव्याला पाठवले. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन झाले, औषधे झाली. पण आजार काखेत आणि पुढे पसरला होता. तीन वर्षे ती जगली. मुलगी शिकली, एवढे तिला बघायला मिळाले.

तिला मॅमोग्राफीच्या भारी यंत्राची गरजसुद्धा नव्हती. तिची गाठ हाताला लागत होती! आणि हातांचे मोल किती, ते आपल्या मुंबईने दाखवून दिले आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वर्षांच्या दीड लाखाहून जास्त बायका. वस्तीतल्या शिकलेल्या मुलींना हाताने स्तन तपासायला शिकवले आणि निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, चार वेळा, त्यांनी बायकांना तपासले. यंत्र नाही, वीज नाही. वीस वर्षे पाठपुरावा करून २०२१ मध्ये निकाल छापला. तपासलेल्या वस्त्यांत आजार लवकरच्या पायरीवर सापडू लागला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र मृत्यू घटले नाहीत हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. ज्या देशांत मॅमोग्राफी फुकट मिळते तिथे ती सोडून हातावर विसंबावे असा याचा अर्थ नाही. पण कुवेतच्या घरकामवाल्या बाईला, रायगडच्या खेड्यातल्या बाईला, दोन वर्षांतून एकदा शिकलेले हात मिळाले तरी पुष्कळ फरक पडतो.

आता आपल्याकडे. ठरलेल्या वयाच्या बायकांना इस्राएलमध्ये दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी फुकट मिळते, कुपत खोलिम बोलावते. त्याआधीच्या वयात किंवा घराण्यात आजार असेल तर डॉक्टरांशी बोलून ठरवावे. ते पत्र बिलांच्या गठ्ठ्यात पडून राहते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. किरणांची भीती बाळगू नये. एका मॅमोग्राफीत जेवढे किरण लागतात तेवढे आपल्याला साधारण सात आठवड्यांत जमिनीतून आणि आकाशातून मिळतच असतात. दाबताना दुखते हे खरे, पण काही सेकंदच. ज्यांची पाळी चालू आहे त्यांनी पाळी झाल्यावरच्या आठवड्यात जावे, तेव्हा कमी दुखते. त्या दिवशी काखेत पावडर किंवा अत्तर-डिओडरंट लावू नये, त्याचे कण फोटोत चुन्याच्या कणांसारखे दिसतात. जुने रिपोर्ट बरोबर न्यावेत. पुन्हा बोलावले तर लगेच रडारड करू नये. अमेरिकेत शंभरातल्या साधारण दहा जणींना पुन्हा बोलावतात आणि त्यांतल्या बहुतेकींना काहीच निघत नाही. कधी कधी असाही छोटा कॅन्सर सापडतो की ज्याने त्या बाईला आयुष्यभर त्रास दिला नसता, आणि तरी त्यावर उपचार होतात. मॅमोग्राफीचा हा तोटा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजू पाहूनही आम्ही जा असेच सांगू. मॅमोग्राफी क्लिअर आली आणि तीन महिन्यांनी गाठ लागली तर पुढच्या पत्राची वाट न बघता डॉक्टरकडे जावे.

हल्ली फोनवर उष्णतेच्या कॅमेऱ्याने, न दाबता, न दुखवता तपासणी अशा जाहिराती फिरतात. त्यावर संशोधन चालू आहे, पण मॅमोग्राफीच्या ऐवजी ती चालणार नाही असे अमेरिकेच्या औषध खात्याने स्पष्ट बजावले आहे.

राहिले बंधू. पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो, शंभर रोग्यांत एखादा. त्यांनी छातीवरची गाठ चरबी म्हणून सोडून देऊ नये. आणि दुसरे, जास्त महत्त्वाचे. बी.आर.सी.ए. नावाच्या जनुकात दोष असेल तर स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर तरुणपणीच होण्याचा धोका फार वाढतो. अश्कनाझी लोकांत दर चाळिसात एकाला हा दोष असतो, आणि त्यांतला एक प्रकार इराकी यहुदी लोकांतही सापडतो. २०२० पासून अश्कनाझी मूळ असलेल्या निरोगी बायकांनाही ही रक्ताची चाचणी इथे सरकारी खर्चाने मिळते. आम्ही बेने इस्राएल, आमचा काय संबंध, असे म्हणून चालणार नाही. मुंबईतच आपल्या कितीतरी घरांचा बगदाद्यांशी संबंध जुळला होता, आणि इथे आल्यावर तर अश्कनाझी सुना, इराकी जावई घरोघरी आहेत. हा दोष बापाकडूनही तेवढाच येतो जेवढा आईकडून. डॉक्टर विचारतात, घरात कोणाला कॅन्सर होता का, तेव्हा आपल्या बायका आईकडचेच सांगतात. वडिलांची आई कशाने गेली, त्यांची बहीण चाळिशीत का गेली, हे सांगायला वडील हवेत. आणि ते पोटाच्या दुखण्याने गेली एवढेच म्हणतात.

तेव्हा बंधूंनी एक काम करावे. आपल्या आई, आत्या, आज्या कशाने गेल्या, किती वयाच्या होत्या, ते एका कागदावर लिहून मुलींना द्यावे. मराठीत लिहिले तरी चालेल, मुलगी वाचून घेईल किंवा कोणाकडून वाचवून घेईल. आणि बायकोचे मॅमोग्राफीचे पत्र आले असेल तर तारीख फोन करून ठरवावी, गाडीने न्यावे आणि बाहेर बसावे.